गज्जाच्या वाटेवरचा प्रश्न

आजचे वाचन: प्रेषितांची कृत्ये ८:२६-४० आणि यशया ५६:१-८
वेळ असेल तर: प्रेषितांची कृत्ये १०



आजचं मनन रोजच्यापेक्षा मोठं आहे. लोकलमध्ये किंवा बसमध्ये घाईत वाचू नका, संध्याकाळी निवांत वाचा, आणि शास्त्र उघडून शेजारी ठेवा. मी वचनं इथे लिहीत नाही, संदर्भ देतो. तुम्ही स्वतः काढून वाचावं आणि मी सांगतो ते तिथे आहे का ते पाहावं, बिरुयातल्या लोकांनी केलं तसं.

गेल्या रविवारी मी औशाला घरी होतो. उपासना झाली, बाहेर चपला घालत होतो, तेवढ्यात एका मावशींनी हाताला धरून बाजूला नेलं. माझ्या लहानपणीच्या मित्राची आई. इकडचं तिकडचं काहीच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "बाळा, तू शास्त्र वाचतोस, लोकाला सांगतोस. मला एकच सांग. माझं लेकरू देवाच्या राज्यात येईल का नाही?"

त्यांचा मुलगा, माझा मित्र, पुण्यात नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी त्याने आईला फोनवर सांगितलं की तो समलिंगी आहे आणि मुलगी बघू नका. तेव्हापासून मावशींना सल्ले देणारे कमी नाहीत. एकजण म्हणतो लग्न लावून द्या, सगळं ठीक होतं. दुसरा म्हणतो दुष्टात्मा आहे, सुटकेच्या प्रार्थनेला न्या. तिसऱ्याने सरळ सांगितलं, असा माणूस देवाच्या राज्यात जाणार नाही, तसं लिहिलेलंच आहे. मावशींचं माहेर किल्लारीकडचं. म्हणाल्या, "त्र्याण्णवच्या भूकंपात घर गेलं, माणसं गेली, तेव्हा पण मी देवाला काही विचारलं नाही. आता विचारायलेय."

मी तिथे काहीतरी पुटपुटलो. "प्रार्थना करतो मावशी" म्हणालो आणि निघालो. खरं सांगू का, मी पळालो. म्हणून आजचं मनन म्हणजे मावशींना उशिरा दिलेलं उत्तर आहे.

रथातला माणूस

कृत्ये आठव्या अध्यायात फिलिप्प आहे. हा बारा प्रेषितांपैकी नाही. विधवांना रोजचं अन्न वाटायला जे सात जण निवडले होते, त्यांच्यातला आहे. शोमरोनात त्याची सेवा जोरात चालू आहे आणि देवदूत त्याला सांगतो, यरुशलेमहून गज्जाकडे जाणाऱ्या रानातल्या वाटेवर जा. गर्दी सोडून ओसाड रस्त्यावर. कशासाठी? एका माणसासाठी.

तो माणूस कूशी आहे, आफ्रिकेतला. कांदके राणीच्या सगळ्या खजिन्याचा अधिकारी. पैसा आहे, रथ आहे, स्वतःच्या मालकीची यशयाची गुंडाळी आहे, म्हणजे त्या काळात किती श्रीमंत ते समजा. पण लूक त्याची ओळख पुन्हापुन्हा एकाच शब्दाने करून देतो: षंढ. आपल्या मराठीत तो शब्द काय झालाय हे सांगायला नको. शिवी आहे ती. शाळेच्या मैदानावर, कट्ट्यावर, घरात भांडणात. पवित्र शास्त्र मोठ्याने वाचायला उभं राहिलेलं पोर त्या शब्दापाशी आलं की मागे खुसखुस होते. देवाच्या वचनात ज्याला मानाने बाप्तिस्मा मिळाला, त्याची ओळख आपण शिवी म्हणून वापरतो. याचा विचार करा.

आता तो कुठून येतोय? यरुशलेमहून. भजन करायला गेला होता. पण अनुवाद २३:१ मध्ये नियम स्पष्ट आहे: ज्याच्या शरीराला असा घाव आहे त्याने परमेश्वराच्या मंडळीत यायचं नाही. शेकडो मैल प्रवास करून गेलेल्या माणसाला तिथे काय अनुभव आला ते लूक सांगत नाही. पण तो नियम त्याला माहीत असणार. दारापर्यंत जाता येतं, आत जाता येत नाही, ही जागा त्याच्या ओळखीची असणार.

आणि तरी तो परत जाताना शास्त्रच वाचतोय. रागाने गुंडाळी फेकून दिलेली नाही. इथे मला माझा मित्र दिसतो. मंडळी सोडून त्याला बरीच वर्षं झाली, पण शास्त्र त्याच्या मोबाइलमध्ये आहे.

तो वाचतोय यशयाचा त्रेपन्नावा अध्याय. मेंढरासारखा वधायला नेलेला, ज्याला न्याय मिळाला नाही, ज्याच्या पिढीबद्दल कोण बोलणार, असा तो सेवक. मूलबाळ होणार नाही अशा माणसाला ते वचन का टोचलं असेल ते कळतं. तो फिलिप्पाला विचारतो, हे संदेष्टा कोणाविषयी म्हणतो? फिलिप्प तिथून सुरुवात करून येशूची सुवार्ता सांगतो.

गुंडाळी तीच ठेवून थोडं पुढे उलगडलं की छप्पन्नावा अध्याय येतो. म्हणूनच आजचं दुसरं वाचन ते आहे. तिथे देव दोन प्रकारच्या लोकांशी बोलतो: परका आणि षंढ. परक्याने म्हणू नये की देव मला वेगळं काढील. षंढाने म्हणू नये की मी वाळलेलं झाड आहे. जे माझा करार धरून राहतात त्यांना मी माझ्या घरात, माझ्या भिंतींच्या आत, मुलामुलींपेक्षा मोठं नाव देईन. रथातला माणूस परका पण आहे आणि षंढ पण. दोन्ही दारं त्याच्यासाठी एकाच पानावर उघडली आहेत. आणि लक्षात ठेवा, येशूने मंदिरात चौरंग उलथे केले तेव्हा 'सर्व राष्ट्रांसाठी प्रार्थनेचं घर' हे जे वचन त्याने काढलं, ते याच अध्यायातलं, दोनच ओळी पुढचं आहे.

म्हणजे शास्त्रातच एक वचन दार बंद करतं आणि दुसरं वचन तेच दार उघडतं. दोन्ही देवाचं वचन. फिलिप्पाला रथात बसून ठरवायचं होतं की आत्मा आज कुठे बोलतोय.

एक ग्रीक शब्द

पाणी दिसतं आणि तो माणूस विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला अडचण काय आहे? ग्रीकमध्ये इथे 'कोलुओ' हे क्रियापद आहे. अडवणं, रोखणं, आडवं येणं. या शब्दाचा पाठलाग करा, फार काही मिळतं.

मार्क १०:१४ मध्ये शिष्य बाळकांना दटावतात तेव्हा येशू रागावून सांगतो, त्यांना अडवू नका. तोच शब्द. कृत्ये ८:३६ मध्ये हा माणूस विचारतो, मला काय अडवतं? कृत्ये १०:४७ मध्ये कर्नेल्याच्या घरी विदेशी लोकांवर आत्मा उतरलेला पाहून पेत्र म्हणतो, यांना पाणी कोण अडवणार? अकराव्या अध्यायात यरुशलेमचे भाऊ त्याला जाब विचारतात तेव्हा तो सांगतो, देवाला अडवणारा मी कोण? आणि कृत्यांच्या पुस्तकाचा ग्रीकमधला अगदी शेवटचा शब्द याच धातूपासूनचा आहे, 'अकोलुतोस', कसलीही आडकाठी न होता.

लूकाने हे पुस्तक एका प्रश्नाच्या रोखाने लिहिलंय असं मला वाटतं. सुवार्तेच्या आडवं कोण येतं? आणि दर वेळी आडवे येणारे बाहेरचे शत्रू नसतात. आतले, चांगले, शास्त्र जाणणारे लोक असतात.

फिलिप्पाने त्या प्रश्नाला काय उत्तर दिलं? जुन्या हस्तलिखितांत उत्तरच नाही. सदतिसावं वचन, ज्यात फिलिप्प विश्वासाची अट सांगतो, ते सर्वांत जुन्या प्रतींमध्ये सापडत नाही. रथ थांबतो आणि दोघे पाण्यात उतरतात. फिलिप्पाचं उत्तर म्हणजे त्याचे ओले झालेले पाय.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. रथातला माणूस समलिंगी होता असं मी म्हणत नाही. तसं लिहिलेलं नाही आणि शास्त्राच्या तोंडी शब्द घालणं बरोबर नाही. माझं म्हणणं एवढंच की ज्याला शरीरामुळे, लग्न-संसार-मूल या चौकटीत न बसल्यामुळे, शास्त्राचं वचन दाखवून बाहेर ठेवलं होतं, त्याला आत्म्याने पहिल्या काही बाप्तिस्म्यांतच आत घेतलं. ही दिशा आहे.

आपण विसरलो का?

पेत्राला यापोला छपरावर दृष्टान्त झाला. चादर उतरली, त्यात नियमशास्त्राने निषिद्ध ठरवलेले प्राणी. पेत्र म्हणाला, कधीच नाही प्रभू. तीनदा सांगावं लागलं. पेत्र काही वाईट माणूस नव्हता. तो शास्त्रच पाळत होता.

मित्रांनो, आपण मराठवाड्यातले बहुतेक ख्रिस्ती कोण आहोत? आपले आजे-पणजे गावकुसाबाहेरचे. विहिरीवर जाता येत नव्हतं, पाणी वरून ओतलं जायचं. त्यांनाही सांगितलं जायचं की हे शास्त्रात लिहिलंय, तुमचा जन्मच तसा. मंडळीने त्यांना एका सतरंजीवर बसवलं, एका प्याल्यातून प्रभुभोजन दिलं. ते सहज झालं नाही. मंडळीतही जात शिरली, वेगळ्या बैठका झाल्या, हेही खरं. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचलं नसेल तर वाचा. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण लक्ष्मीबाईंना सोवळं-ओवळं सोडायला पुढे किती वर्षं आणि किती रडणं लागलं ते त्यांनी स्वतःवर हसत सांगितलंय. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये विधवा, दुष्काळात सापडलेल्या मुली तर घेतल्याच, पण ज्या बायकांना समाज 'पतित' म्हणून दार लावत होता त्यांच्यासाठीही 'कृपासदन' उघडलं. तेव्हाही चांगल्या घरचे ख्रिस्ती लोक कुजबुजले असतीलच.

ज्यांना आत घेतलं गेलं, त्यांनी दाराशी पहारा द्यायला उभं राहावं, हे मला शोभत नाही. तुम्हाला शोभतं का?

मग ती कठीण वचनं?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. मावशींना लोकांनी हीच वचनं दाखवली आहेत.

सदोम (उत्पत्ती १९). गावातले पुरुष जमून पाहुण्यांवर बलात्कार करायला येतात. हे हिंसेचं पाप आहे, आणि पाहुण्याशी वैर. यहेज्केल १६:४९ मध्ये सदोमाचं पाप काय होतं ते संदेष्टाच सांगतो: गर्व, पोटभर अन्न, निवांत सुख, आणि गरिबाला हात न देणं. येशूनेही मत्तय १० मध्ये सदोमाचं नाव घेतलं ते पाहुण्यांना घरात न घेणाऱ्या गावांबद्दल बोलताना.

लेवीय १८:२२ आणि २०:१३. इथे निषेध आहे, तो नाकारता येत नाही. त्याच ग्रंथात दोन प्रकारच्या सुतांचं वस्त्र आणि झिंगे खाणंही मना आहे. काही जण म्हणतील, ते विधीचे नियम होते आणि हा नीतीचा आहे. हा मुद्दा हलका नाही. पण पेत्राला चादरीतून जे सांगितलं गेलं, तेही याच ग्रंथाबद्दल होतं, आणि पेत्राने त्यातून खाण्यापुरता अर्थ काढला नाही. कर्नेल्याच्या घरात तो म्हणाला, कोणत्याही माणसाला अपवित्र म्हणू नये असं देवाने मला दाखवलं.

१ करिंथ ६:९. इथे पौलाचे दोन ग्रीक शब्द आहेत. 'मालाकोई' म्हणजे शब्दशः मऊ. 'आर्सेनोकोइताई' हा शब्द पौलाच्या आधी कुठे सापडत नाही, म्हणून त्याच्या अर्थावर विद्वानांचं एकमत नाही. लूथरने जर्मन भाषांतरात तिथे मुलांवर अत्याचार करणाऱ्यांसाठीचा शब्द घातला. इंग्रजी शास्त्रात आजच्या अर्थाचा 'समलिंगी' हा शब्द पहिल्यांदा १९४६ मध्ये आला, आणि त्याच भाषांतराच्या १९७१ च्या आवृत्तीत तो बदलला. मी ग्रीकचा पंडित नाही. पण ज्या शब्दाचा अर्थ भाषांतरकारांनी पुन्हापुन्हा बदलला, त्याच्या जोरावर एका आईला "तुझं लेकरू गेलं" असं सांगायची हिंमत मला होत नाही. रमाबाईंनी म्हातारपणी इब्री आणि ग्रीकशी झुंजत सोप्या मराठीत शास्त्र आणलं, ते याचसाठी ना, की आपण नीट वाचावं.

रोम १:२६-२७. सर्वांत अवघड. पौल मूर्तिपूजा करणाऱ्या, वासनेने बेभान झालेल्या जगाचं चित्र काढतो. ज्याने कधी मूर्तीपुढे डोकं टेकवलं नाही, जो बारा वर्षांचा असल्यापासून रात्री रडून "प्रभू, मला बदल" अशी प्रार्थना करतो, त्या मुलाचं हे चित्र आहे का? जुन्या परंपरेने वाचणारे माझे भाऊ-बहिणी म्हणतात, हो, सगळे त्यात येतात. मी त्यांचा आदर करतो, ते द्वेषाने बोलतात असं मी म्हणत नाही. पण एक विनंती: पहिला अध्याय वाचून थांबू नका, दुसऱ्याचं पहिलं वचन वाचा. पौलाने ते सापळ्यासारखं लावलंय. पहिल्या अध्यायाला मान डोलावणाऱ्यालाच तो म्हणतो, दोष लावणाऱ्या माणसा, तुला सबब नाही.

झाडाची ओळख

मत्तय ७ मध्ये येशूने कसोटी दिली आहे: फळावरून झाड ओळखा. "प्रार्थनेने बदलतो, लग्नाने बदलतो" या शिकवणीचं फळ काय आलं?

अमेरिकेत एक्झोडस इंटरनॅशनल नावाची ख्रिस्ती संस्था होती. समलिंगी लोकांना बदलायचं हेच तिचं काम, आणि या कामात ती सगळ्यात मोठी. जून २०१३ मध्ये तिच्या अध्यक्षांनीच, अ‍ॅलन चेंबर्स यांनी, दुखावलेल्या लोकांची माफी मागितली आणि संस्था बंद झाली. बाहेरच्या कोणी बंद पाडली नाही. आतल्यांनीच फळ पाहिलं.

आपल्या देशात इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने तर १९९० मध्येच आजारांच्या यादीतून हे काढलं. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये 'बदलण्याचे उपचार' करणं हा डॉक्टरचा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. म्हणजे जे डॉक्टरला मना आहे, ते आपण प्रार्थनेच्या नावाखाली एखाद्या पोराला तीन दिवस कोंडून, उपाशी ठेवून करू शकतो का?

आणि लग्न लावून देणाऱ्यांना एकच विचारतो: त्या मुलीचं काय? तीही कोणाची तरी लेक आहे. तिला न सांगता, तिच्या आयुष्यावर प्रयोग? मुलगी स्वतः लेस्बियन असेल तर आणखी अवघड. पोरगा पुण्याला निघून जाऊ शकतो. पोरीची बारावी झाली की स्थळं यायला लागतात आणि तिला कोणी विचारतही नाही.

आपल्या देशात मंडळी कुठे उभी राहिली

हे तुम्हाला माहीत असावं म्हणून थोडक्यात. भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ इंग्रजांनी १८६० मध्ये आणलं. जन्मठेपेपर्यंत शिक्षा. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळलं. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाणाऱ्यांत इतर धर्मांच्या लोकांबरोबर काही ख्रिस्ती संघटनाही होत्या. ११ डिसेंबर २०१३ ला कलम पुन्हा लागू झालं. शेवटी ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी एकमताने ते गुन्ह्यातून बाहेर काढलं. त्यांच्यातल्या न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं की या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबांची इतिहासाने माफी मागायला हवी. कुटुंबांचीही. मावशींचीही.

पण दुसरी बाजूही आपलीच आहे. २०१३ मध्ये, निकाल विरुद्ध गेला तेव्हा, मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी जाहीरपणे सांगितलं की कॅथलिक चर्चने या लोकांना कधी गुन्हेगार मानलं नाही. समलिंगी विवाह त्यांना मान्य नव्हता, तेही त्यांनी लपवलं नाही. तरी त्या दिवसांत एवढं बोलायला धैर्य लागत होतं. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२३ मध्ये जगाला तेच सांगितलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये व्हॅटिकनने अशा जोडप्यांना, लग्नविधी म्हणून नव्हे पण साधा आशीर्वाद द्यायला परवानगी दिली. आणि आपल्या महाराष्ट्रात, नागपुरात, नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडियाचं मुख्य कार्यालय आहे. प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची ही परिषद १९१४ पासूनची. तिने गेल्या काही वर्षांत पाळक आणि सेमिनरीच्या विद्यार्थ्यांसाठी लैंगिकतेवर अभ्यासवर्ग घेतले, अभ्यासाचं साहित्य काढलं, समलिंगी आणि तृतीयपंथी ख्रिस्ती भावंडांना बोलावून त्यांचं ऐकून घेतलं. तिच्या सभासद मंडळ्यांचं सगळ्यांचं यावर एकमत नाही, बहुतेक मंडळ्यांची शिकवण अजून जुनीच आहे. पण "आपल्या चर्चमध्ये हा विषयच नाही" असं कोणी म्हणालं तर नागपूरचं नाव सांगा.

कायद्याने लग्नाचा हक्क अजून दिलेला नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो विषय संसदेकडे सोपवला. तो वाद चालू राहील. पण मावशींचा प्रश्न लग्नाचा नव्हताच. त्यांचा प्रश्न होता, देवाच्या घरात माझ्या लेकराला जागा आहे का.

माझी गोष्ट

आता जे सांगायचं नव्हतं ते. आम्ही कॉलेजात असताना तरुणांच्या एका शिबिराला गेलो होतो. एका वक्त्याने व्यासपीठावरून बायकी चालीची नक्कल केली आणि "असले लोक" म्हणून विनोद केला. सगळा हॉल हसला. मीही हसलो, जोरात. माझा मित्र माझ्या शेजारी बसला होता. तो हसला नाही, खाली बघत होता. मी त्याला कोपर मारून म्हटलं, "हस की लेका."

तो गीतांना ढोलकी वाजवायचा. त्या शिबिरानंतर हळूहळू त्याने यायचं सोडलं. आम्ही म्हणालो, विश्वासात थंड पडला. आता कळतं, त्याला थंड आम्ही केलं. मत्तय १८ मध्ये लहानांतल्या एकाला अडखळण आणणाऱ्याबद्दल येशू जात्याच्या तळीची गोष्ट बोलतो. ती तळी माझ्या गळ्यात आहे.

सोमवारी सकाळी मी मावशींच्या घरी गेलो. म्हणालो, मावशी, काल पळालो, माफ करा. त्यांना यशया छप्पन्न वाचून दाखवला. मग योहान ६:३७ काढलं, जिथे येशू म्हणतो की माझ्याकडे येणाऱ्याला मी कधीच घालवून देणार नाही. म्हणालो, "तारण कृपेने आहे मावशी, विश्वासाने. तुमचं तसंच, माझं तसंच, त्याचंही तसंच. वेगळा दरवाजा नाही. न्याय करायची खुर्ची आपली नाही, पण येशूचा स्वभाव मला माहीत आहे. तो याला बाहेर काढणार नाही."

मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तीन नाताळ झाले, पोरगं घरी नाही आलं. मीच म्हणलं होतं, लोक काय म्हणतील, नको येऊ." आणि थोड्या वेळाने, "करंज्या आवडतात त्याला."

त्या दुपारी मी मित्राला फोन केला. शिबिराचं बोललो, माफी मागितली. त्याला तो प्रसंग आठवत होता, शब्द न् शब्द. "ठीक आहे" म्हणाला नाही. म्हणाला, "बघू." मला वाटतं तेवढं त्याच्या हक्काचं आहे. माफी मागणं माझं काम, माफ कधी करायचं ते त्याचं.

आज काय करायचं

- तुमच्या गटात अशा विनोदावर हसू आलं तर आज हसू नका. एवढं तर जमेल. जमलं तर "नको यार" म्हणा.
- कोणी विश्वासाने तुम्हाला स्वतःबद्दल सांगितलं तर ऐका. उपदेश करू नका, आणि त्याच्या परवानगीशिवाय कोणालाही सांगू नका, "प्रार्थनेसाठी" म्हणूनसुद्धा नाही. प्रार्थनेच्या विनंत्यांतून किती चहाड्या पसरतात ते आपल्याला माहीत आहे.
- फिलिप्प रथात चढून शेजारी बसला. रस्त्यावरून ओरडून त्याने काही सांगितलं नाही. तुम्ही कोणाच्या शेजारी बसायचं राहिलंय?
- तुम्ही स्वतः समलिंगी असाल आणि हे लपून वाचत असाल: तुझ्या प्रार्थना ऐकल्या जातात. घरी सांगायची घाई करू नकोस, आधी सुरक्षित माणूस शोध. जीव नकोसा झाला तर एकटा-एकटी राहू नको, लगेच कोणाला तरी फोन कर. मुंबईत हमसफर ट्रस्ट ही संस्था बरीच वर्षं हे काम करते, मराठीत बोलणारी माणसं तिथे आहेत.

विचारासाठी प्रश्न: आपल्या मंडळीत आज कोण दारापर्यंत येऊन परत जातं? आणि त्याच्या आडवं कोण उभं आहे? कोणी दुसरं, की मी?

प्रार्थना

प्रभू येशू, तू कुष्ठरोग्याला हात लावलास, जकातदाराच्या घरी जेवलास, शोमरोनी बाईकडे पाणी मागितलंस. तुझ्या नावाने आम्ही ज्यांना दारातून परत पाठवलं, त्यांची आणि त्यांच्या आईबापांची आम्हाला क्षमा मागता येऊ दे. जिथे आम्हाला शास्त्र कळत नाही तिथे नम्र ठेव. जिथे कळतं तिथे धैर्य दे. पुण्यातल्या माझ्या भावाला सांभाळ, आणि त्याच्या आईला या नाताळाला एक ताट जास्त वाढायला दे. आमेन.

उद्याचे वाचन: प्रेषितांची कृत्ये १५:१-२१. यरुशलेमची ती सभा, जिथे मंडळीने भांडून, ऐकून, एकत्र निर्णय घेतला. भेटू.